नीलजिव्हेचे दहा तुकडे

सुजाताताई गेल्याचा फोन वर्तमानपत्राच्या कार्यालयात आला तेव्हा मी उद्याच्या अंकाचं पान लावत होतो. पान पूर्ण करून छपाईला सोडलं आणि घरी जायला यवतची एसटी धरली. त्याला आता दीड महिना होईल...

माझी ही थोरली बहीण पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाच्या विषाणूवर काम करायची. पावसाळ्यात चिलटं चावतात, मेंढीला ताप भरतो, जीभ सुजून निळी पडते. या विषाणूचं जनुकीय द्रव्य म्हणजे आरएनएचे दहा तुकडे. त्यातल्या एकावरून विषाणूचा प्रकार ठरतो आणि लस त्याच प्रकाराची लागते. एका मेंढीत दोन प्रकार शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. मग शोध पुन्हा पहिल्यापासून.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात मी तिच्याबरोबर कुरकुंभच्या माळावर गेलो. कवठे येमाईचे विठोबाआप्पा तिथे कळप घेऊन उतरले होते. मेंढ्या मरत होत्या.

"आप्पा, हा विषाणू स्वतःची विकरं, म्हणजे एन्झाइम, बरोबर आणतो," ताई सांगत होती. "त्याच्या तुकड्यांच्या नकला काढायची हत्यारं मेंढीकडं नसतात ना."

"म्हंजी आमच्यावानीच. बिऱ्हाड संगं," आप्पा म्हणाले. "फकस्त आमी कुनाची जीभ निळी करत न्हाई."

"तुमची तंबाखूनं काळी झालीया, ती बगा आदी," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

ताई हसली. तेवढ्यात आप्पांनी रक्ताच्या उघड्या नळ्यांमध्ये चिमूट-चिमूट भंडारा टाकला. देवाचा भंडारा लागल्याशिवाय कळपाचं रक्त बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज. ते नमुने वाया गेले. आम्ही बौद्ध, पण ताईने वाद घातला नाही. हातमोजे बदलले आणि पुन्हा रक्त काढलं. पुढे ती दर मेंढीमागे दोन नळ्या भरू लागली, एक आप्पांच्या भंडाऱ्यासाठी, एक प्रयोगशाळेसाठी. प्रकार सापडेपर्यंत येत राहीन, असं तिने त्यांना सांगितलं होतं. नऊ तुकडे ओळखीचे निघाले. प्रकार ठरवणारा तेवढा जुळेना. त्याच कामात असताना ताईच्या मेंदूत रक्तस्राव झाला...

गेल्या आठवड्यात आप्पा यवतला घरी आले. चहा तसाच गार झाला.

"मेंढरं पुन्ना तापल्यात," ते म्हणाले. "आता रगत कुनाला द्यायचं?"

ताईच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. तसं मी सांगितलं.

ते गेल्यावर आई उठली. कुरकुंभहून आणलेले नमुने ताई रात्रभर आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सकाळी पुण्याला न्यायची. आईने त्या कप्प्यातलं दूध आणि भाजी वर हलवली, कप्पा कोरडा पुसला, दार लावलं. तो कप्पा अजून रिकामाच आहे.