अर्धीच प्रार्थना येणारा प्लंबर

प्लंबरच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता रोझरी, म्हणजे माळ जपत करायची प्रार्थना, व्हायची आणि ती चालवायची त्याची बायको. ती शाळेत बाई होती. वीस वर्षं वर्गात बोलून बोलून कमावलेला तिचा आवाज जिन्यापर्यंत पोचायचा. प्रत्येक ‘नमो मारिये’चा पहिला अर्धा भाग ती म्हणायची, प्लंबर, त्याची म्हातारी आई आणि दहावीतली लेक मिळून उरलेला अर्धा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या वाटणीत कधी बदल झाला नाही. प्लंबर दिवसभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांमधून आडवा होऊन थकलेला असे. बायको थांबली की त्याचं तोंड आपोआप सुरू होई. लक्ष मात्र उद्याच्या पाइपांत.

मग बाईंचा घसा बसला. डॉक्टरांनी स्वरतंतूवरची गाठ काढली आणि बजावलं, दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

ती घरी आली त्या संध्याकाळी सातला सगळे क्रूसासमोर बसले. बाईंनी पाटीवर लिहून नवऱ्यापुढे धरलं, ‘तुम्ही चालवा.’

‘त्यात काय मोठंसं,’ प्लंबर म्हणाला आणि त्याने माळ हातात घेतली. येशूच्या आयुष्यातले प्रसंग, म्हणजे रहस्ये, वारानुसार ठरलेली असतात; त्याने आनंदाची रहस्ये जाहीर केली. बाईंनी टेबलावर टक्टक् केलं.

‘बाबा, आज मंगळवार. दुःखाची रहस्ये,’ लेक म्हणाली.

दुःखाची तर दुःखाची. प्लंबरने घसा खाकरला. ‘नमो मारिये...’ आणि गाडी तिथेच अडली. पुढचं काही आठवेना. रोज कानांवरून गेलेले शब्द, पण जिभेवर एकही नाही. त्याने नेटाने पुन्हा सुरुवात केली आणि सवयीने थेट ‘पवित्र मारिये, देवाच्या माते’वर जाऊन पोचला.

‘अरे, ते आमचं,’ आई म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, पण एवढं बरोबर ऐकू आलं. ‘तू तुझं म्हण.’

लेक उशीत तोंड खुपसून हसत होती. बाईंना हसायची बंदी होती, म्हणून त्या छताकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने नळाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लेकीकडून सगळी प्रार्थना लिहून घेतली आणि कामावर नेली. एका घरच्या सिंकखाली तो पाठांतर करत पडला होता. मालकीणबाई वाकून म्हणाल्या, ‘काम फार अवघड आहे का हो? देवाचा धावा करताय म्हणून विचारलं.’

‘नळ सोपा आहे,’ तो आतूनच म्हणाला. ‘घरी परीक्षा आहे.’

चौथ्या दिवशी गाडी रुळावर आली. तेव्हा बाईंनी आपली वही त्याच्या हातात दिली. दहा ‘नमो मारियें’चं एक दशक; प्रत्येक दशकाआधी कुणासाठी प्रार्थना करायची ते तीत लिहिलेलं होतं. प्लंबर मोठ्याने वाचू लागला. पहिलं दशक, प्लंबरच्या वारलेल्या वडिलांच्या आत्म्यासाठी. दुसरं, लेकीच्या गणितासाठी. तिसरं वाचताना तो मध्येच थांबला.

‘वरच्या काकांच्या गुडघ्यांसाठी, आणि त्यांच्यावर रागावलेल्या माणसासाठी.’

वरच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले काका एकटे राहत. दीड वर्षापूर्वी त्यांची मोरी तुंबली तेव्हा त्यांनी बाहेरचा प्लंबर बोलावला होता. खाली घरचा माणूस असताना! प्लंबरला ते फार लागलं. तेव्हापासून जिन्यात काका दिसले की तो चपलेकडे बघत उतरायचा. त्या परक्या कारागिराने काम धड केलं नव्हतं. वरचा पाइप आजही ठकठक वाजायचा आणि तो ऐकून प्लंबरला बरं वाटायचं.

‘हे कधीपासून म्हणतेस?’ त्याने बायकोला विचारलं.

बाईंनी पाटीवर लिहिलं, ‘दीड वर्ष. रोज. तुम्हीच तर उत्तर देता.’

प्लंबरचे कान गरम झाले. आपल्याच रागासाठी आपणच रोज दहा वेळा मारियेला ‘आम्हासाठी विनंती कर’ म्हणत होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता. ते दशक त्याने कसंबसं संपवलं.

सकाळी तो पान्हा घेऊन वर गेला. काकांनी दार उघडलं आणि ते बघतच राहिले.

‘पाइप वाजतोय,’ प्लंबर म्हणाला. ‘बघतो जरा.’

अर्ध्या तासात पाइप गप्प झाला. हात पुसता पुसता त्याला राहवेना. ‘काका, तेव्हा मला का नाही बोलावलंत?’

काका गुडघ्यावर हात ठेवून हळूच खुर्चीत बसले. ‘अरे, तुझ्या वडिलांना पुरून चार दिवस झाले होते. तुझ्या घरात माणसं भेटायला येत होती. माझ्या मोरीसाठी तुला कोणत्या तोंडाने हाक मारणार?’

प्लंबरला तारखा आठवल्या. त्या आठवड्यात कुणाचं काय झालं हे त्याला कळलंच नव्हतं. फक्त राग तेवढा लक्षात राहिला होता. तो नळ उघडून पुन्हा बंद करत राहिला. काकांनी चहा टाकला. दोघांनी तो सावकाश प्यायला.

निघताना प्लंबर म्हणाला, ‘सातला आमच्याकडे रोझरी असते. मीच चालवतो हल्ली. येत चला.’

‘ऐकू येते मला वरपर्यंत,’ काका म्हणाले. ‘परवा फार अडखळलास.’

काका त्याच संध्याकाळी आले. गुडघे टेकणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून आईने आपली आरामखुर्ची त्यांना दिली. ती कुणाला देत नसे.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. बाई पहिलं वाक्य बोलल्या ते दवाखान्याच्या पायरीवर, जरा खरखरीत आवाजात. ‘काल चौथ्या दशकात तुम्ही अकरा वेळा म्हणालात.’

‘एक जास्तीचं तुझ्या घशासाठी होतं,’ प्लंबर म्हणाला.

आवाज पूर्ण सुटला तरी बाईंनी माळ पूर्णपणे परत घेतली नाही. आता तीन दिवस ती चालवते, तीन दिवस तो आणि रविवारी लेक. आईची एकच तक्रार असते, की पोराच्या दिवशी जेवायला उशीर होतो. कारण वहीतली नावं प्लंबर आता सावकाश, एकेक थांबून वाचतो.