सासूबाईंनी सोडलेला प्रसाद

मंडळी, मी वसईची कॅथलिक, मुरबाडच्या शेतकरी घरात दिलेली. म्हणजे दिलेली कसली, आम्ही कोर्टात लग्न केलं. चर्चमध्ये लागलं नाही, म्हणून मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला जाते, पण तिथला कम्युनियनचा प्रसाद घेत नाही.

आज सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते. बघू तरी तुझा देव कसा हाय."

चर्चमध्ये त्यांचे प्रश्न संपेनात. आता उभं का राहायचं? गुडघे का टेकायचे? मग कम्युनियनची लाइन लागली. प्रसाद वाटतायत म्हटल्यावर त्या झटकन उठल्या.

"तू नाय येत गो?"

"मला चालत नाही, आई. आमचं लग्न चर्चमध्ये नाही ना झालं."

आमच्या मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत प्रसाद पहिला माझ्या हातावर ठेवणारी ही बाई. क्षणभर त्यांनी फादरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि परत बाकावर येऊन बसल्या.

"मग मला पण नको. सुनेला सोडून मी कशी खाऊ?"

बाप्तिस्मा नसल्यामुळे त्यांनाही तो मिळणार नव्हता, हे त्यांना अजून माहीत नाही.

सांगू का? की त्यांनी माझ्यासाठी सोडलाय, तर सोडलेलाच राहू दे?