फर्गलचा दगड, बार्ब्राचा ब्रश

आमच्या गावात वर्षभर घर झाडलं नाही तरी चालतं, पण जुलैतल्या कबरींच्या रविवारी, सगळं गाव प्रार्थनेला कबरस्तानात जमतं तेव्हा, आपल्या माणसांची कबर लख्ख हवी. नाहीतर बायका बोलून बोलून जीव नकोसा करतात. मीही बोलते, खोटं कशाला सांगू!

बार्ब्रा मॅनियनला घासायला कबरच नव्हती. तिचा नवरा कोलमन होडीसकट समुद्रात गेला, तो काही मिळालाच नाही. पहिल्या वर्षी ती बिचारी नुसती कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राहिली. पुढच्या वर्षी पडक्या चर्चमागच्या काटेरी झुडपांत तिला एक बेवारस दगड दिसला. तोच तिने आपला मानला. दर वर्षी धुण्याचा सोडा, तारेचा ब्रश, आणि बाई काय जोर लावायची! आमचे दगड कितीही धुतले तरी डागाळलेले, हिचा घासलेल्या परातीसारखा. त्याच्यापुढे गुडघे टेकून ती कोलमनसाठी प्रार्थना करायची.

गेल्या वर्षी गॉलवेहून डिवेनबाई आल्या. जुन्या कोरीव दगडांच्या मोठ्या अभ्यासक. त्यांच्याजवळ कुणा जुन्या पाद्र्याने काढलेलं चित्र होतं: हजार वर्षांपूर्वीचा दगड, वर क्रूस, खाली ‘फर्गलसाठी प्रार्थना करा’. दगड हरवलाय म्हणाल्या. बार्ब्राने हौसेने आपला दाखवला. मापं जुळली, क्रूसही पुसटसा जुळला.

"पण अक्षरं कुठायत हो?"

"अक्षरं?" बार्ब्रा म्हणाली. "ओरखडे होते थोडे. घासघासून घालवले मी!"

डिवेनबाई मटकन खालीच बसल्या.

बार्ब्राचाही चेहरा उतरला. "म्हणजे हा कुणा फर्गलचा? मग माझ्या कोलमनच्या प्रार्थना यानेच लाटल्या की काय?"

हरवलेला दगड सापडला म्हणून पेपरात मोठी बातमी आली. पाठोपाठ सरकारी कुंपण आलं आणि पाटी: हात लावू नये. इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता कुलूप! असा संताप आला मला.

यंदाच्या रविवारी बार्ब्रा बादली घेऊन कुंपणाशी उभी. मला राहवेना.

"अगं, ये आमच्या कबरीपाशी. माझी सासू काही उठून भांडायची नाही."

"तुझ्या सासूला तुम्ही सगळे आहात," ती म्हणाली. "या फर्गलचं तर नावसुद्धा मीच पुसलं. त्याला आता माझ्याशिवाय कोण आहे?"

कुंपणाबाहेरच तिने गुडघे टेकले. आधी फर्गलसाठी प्रार्थना केली, मग कोलमनसाठी.