वीस मार्कांचा पक्षकार

घाटकोपरच्या त्या लॉ कॉलेजात पोरं प्राचार्यांना घाबरत नसत, पण शिपाई गुणाजींसमोर त्यांची बोबडी वळायची. का? तर शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत पक्षकार व्हायचे गुणाजी! परीक्षा घेणाऱ्या मॅडम केस लिहून द्यायच्या, त्यात एक गोष्ट गुणाजींनी लपवायची असायची. विद्यार्थ्याने वकील होऊन ती काढून घ्यायची, वीस मार्क. बारा वर्षं हा माणूस कधी सुनेने हाकललेला सासरा, तर कधी नोकरी गेलेला वॉचमन. रडायचे असे, की परीक्षकही रुमाल शोधत. आणि फितूर? नाव नको! पोरांनी आणलेले पेढे खाल्ले, पण गुपित नाही फोडलं.

यंदा रेवती मॅडमनी केस दिली चाळीतल्या खोलीची. बिल्डरची नोटीस आलीय, आणि लपवायचं काय, तर खोलीत भावाचाही हिस्सा आहे. गुणाजींचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. विक्रोळीच्या आपल्या खऱ्या खोलीसाठी त्यांनी सहा महिन्यांपूर्वी बिल्डरच्या कागदावर न वाचता सही ठोकली होती. लॉ कॉलेजातला माणूस आणि असला गाढवपणा! लाजेपायी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून पोरं आली, कलमं फेकली, गेली. शेवटचा यज्ञेश. या परीक्षेत दोनदा आपटलेला, आता आपटला की आणखी एक वर्ष गेलंच. दाराबाहेर तो गयावया करत होता, "काका, थोडी हिंट द्या ना!"

"माझ्या तोंडून काढ, मग बघू," गुणाजी म्हणाले.

आत दोन प्रश्नांतच यज्ञेश अडखळला. मग त्याने पेन खाली ठेवलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "काका, झोप लागते का हो तुम्हाला हल्ली?"

झालं! बारा वर्षं न फुटलेला माणूस फुटला. "नाय लागत रे," गुणाजी बोलून गेले. "न वाचता सही करून बसलोय. घरात पण नाय सांगितलं."

सही केलीच कशाला, असं यज्ञेशने विचारलं नाही. "बरं झालं बोललात," तो म्हणाला. "कागद आणा, सोबत बसून वाचू."

वेळ संपली. मॅडमच्या कपाळावर आठ्या. "गुणाजी, सही कुठून आली? लपवायचा होता भावाचा हिस्सा. यज्ञेश, तो तू काढलाच नाहीस." यज्ञेशचा चेहरा पडला.

'चुकून बोललो' एवढं म्हटलं असतं तर गुणाजींची अब्रू झाकली गेली असती. पोरगा मात्र गेला असता. पण काय सांगू, मोठ्या मनाचा माणूस! उठून उभे राहिले, शर्टाच्या खिशातून बिल्डरचा, घडी घालून घालून मळलेला कागद काढला. "मॅडम, लिहून दिलेलं खोटं त्याला नाय सापडलं. खरं होतं ते त्याने काढलं. त्याचे मार्क कापू नका."

 मॅडमनी तक्त्यात यज्ञेशच्या नावापुढे अठरा मांडले. गुणाजींनी पुढे केलेल्या कागदाला मात्र हात लावला नाही. "माझ्याकडे नको," त्या म्हणाल्या. "पक्षकार त्याचा आहे."

यज्ञेशने खुर्ची गुणाजींच्या शेजारी ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं.