कुमुदिनीचा स्कोअर

खरवईच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच असली की स्कोअर कुमुदिनीच ठेवायची. भाऊ हिरामण टीमचा कॅप्टन, आणि हिचा आवाज माइकवर गावभर पोचायचा. बारावी झाल्यावर ती उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फोन उचलायच्या कामाला लागली. फोन वाजत नसला की मागच्या बाकावर बसून शीक, असं शेठनंच सांगितलं होतं. साल १९९२.

व्हेरिएबल हा शब्द तिनं तिथं पहिल्यांदा ऐकला. कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या एका जागेला आपण नाव द्यायचं; आत ठेवलेलं बदलतं, जागेचं नाव तेच राहतं, असं शिकवणारे सर म्हणाले. कुमुदिनीला लगेच स्ट्रायकर आठवला. कधी किसन, कधी भीमराव, पण बॉल खेळायला उभा तो स्ट्रायकर. पुढे कळलं की रनांसाठी आकड्याची जागा लागते, खेळाडूच्या नावासाठी अक्षरांची. अक्षरांच्या जागेच्या नावाला शेवटी डॉलरचं चिन्ह लावायचं. त्याच आठवड्यात तिनं स्कोअरचा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

खरवईच्या क्रिकेट स्पर्धेच्या फायनलला शेठनं टेम्पोतून एक कॉम्प्युटर मैदानावर आणला. क्लासची जाहिरात होईल, असा त्याचा विचार. मांडवात टेबल मांडलं, स्क्रीन लोकांकडे वळवली. खरवईची बॅटिंग सुरू झाली आणि जरा वेळात टीममधल्या धाकलूची आई विठा तरातरा मांडवात आली. स्क्रीनवर धाकलूच्या नावासमोर शून्य होतं.

"पोरगा अजून मैदानात उतरला नाय," ती म्हणाली, "आणि तुझ्या मशीननं त्याला भोपळा दिला?"

विठाचं म्हणणं बरोबर होतं. मग कुमुदिनीच्या लक्षात आलं, आकड्याच्या जागेत आपण काहीच ठेवलं नाही तर कॉम्प्युटर तिथं आपणहून शून्य धरतो. खेळून शून्य आणि खेळलाच नाही, यातला फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता. तिनं विठाला खुर्ची दिली, आणि इनिंग संपताच प्रत्येक खेळाडूसाठी अक्षरांची आणखी एक जागा केली. बॅटिंग व्हायची असेल तर तिथं तसं लिहून येईल.

दुसऱ्या इनिंगला अंबरनाथ पश्चिमेची टीम उतरली. त्यांचा कॅप्टन हिंदुराव आउट झाला तेव्हा एवढा गोंगाट झाला, की कॉम्प्युटरनं त्या बॉलचे रन विचारले तिथं कुमुदिनीनं घाईत 'आउट' टाइप केलं. स्क्रीनवर इंग्रजीत ओळ उमटली. बाहेर येता येता हिंदुरावानं ती वाचली आणि तो मांडवासमोर थांबला.

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करा म्हणतंय. मॅच पुन्हा घ्या."

त्याची टीम गोळा झाली, हिरामण बॅट घेऊन धावत आला. कुमुदिनीनं माइक उचलला.

"मॅच पुन्हा घ्या असं मशीन म्हणत नाही. त्यानं आकडा मागितला, मी शब्द दिला. माझंच उत्तर ते परत मागतंय."

तिनं शून्य टाइप केलं आणि स्कोअर पुढे सरकला. मैदान हसलं. हिंदुरावालाही हसू आवरलं नाही. तो मांडवातच चहा घेत बसला आणि कुठला आकडा कुठे जातो ते विचारत राहिला. खरवई मॅच जिंकली.

पुढच्या महिन्यात शेठनं नव्या मुलांची रविवारची बॅच तिच्याकडे दिली. ती निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत शिकवायची. एकदा बारवी धरणाकडून येणाऱ्या आवडी नावाच्या मुलीनं आपल्या शेळ्यांची नावं आणि वयं ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि एका शेळीपाशी अडली.

"मॅडम, हिचं वय माहीत नाय. शून्य टाकू?"

"मग ती आजच जन्मली असं होईल," कुमुदिनी म्हणाली.

सगळी बॅच आवडीच्या स्क्रीनपाशी जमली. कोणी एक अंदाज सांगितला, कोणी दुसरा. आवडी मात्र म्हणाली, घरी जाऊन आधी तिचे दात बघते, वय दातांवरून कळतं.