रुखमिनचं वाक्य बरोबर होतं

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूर कासारला एका साखरपुड्याच्या मंडपात माईक तपासत होतो. मंडप आणि लाऊडस्पीकर हा माझा धंदा, आणि बोलणं हा छंद. फोन त्याच्या धाकट्या भावाचा होता. "भाऊ, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. मी "कधी?" म्हणालो आणि ते मंडपभर घुमलं. नवरीकडचे लोक घड्याळं बघायला लागले. त्यांना वाटलं, मी मुहूर्ताचं विचारतोय... प्रभाकर असता तर पोट धरून हसला असता.

आदल्याच आठवड्यात मी त्याला बीडच्या दवाखान्यात भेटलो होतो. नाकात नळी, हाताला सुई, पण मास्तरकी सुटलेली नव्हती. सलाईन संपत आली म्हणून मी नर्सबाईंना हाक मारली. त्या दारातूनच म्हणाल्या, "आले हो, ऑलरेडी बदलणारच आहे." प्रभाकरनं डोळे मिटले. मला वाटलं, कळ आली. तो हळूच म्हणाला, "बदलणार आहे तर ऑलरेडी कशाला? बदलून झाल्यावर म्हणावं." मग त्यानं माझं मनगट धरलं. "रुखमिनला भेट. तिला सांग, तुझं वाक्य बरोबर होतं."

"तूच सांग की बे, बरा झाल्यावर."

"तू सांग," तो म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड केलं.

शिरूरजवळच्या एका वस्तीवर त्याची शाळा होती. एक खोली, एक व्हरांडा, एक मास्तर. दर आठवड्याला तो पोरांना इंग्रजीचा एक शब्द द्यायचा आणि तो घरी, रानात, शेळ्यांमागं वापरून या म्हणायचा. ऑलरेडीचा आठवडा मात्र कधी संपलाच नाही, कारण आमच्या भागात हा शब्द मिठासारखा पडतो. कंडक्टर म्हणतो, गाडी ऑलरेडी सुटणार हाय. हॉटेलवाला म्हणतो, चहा ऑलरेडी ठेवतो. प्रभाकरच्या अंगाची लाहीलाही व्हायची. "जे झालंय त्यालाच ऑलरेडी म्हणावं," तो मला सांगायचा, "जे व्हायचंय त्याला न्हाई. एवढं साधं हाय."

त्याच्या हजेरीची रीत जगावेगळी होती. चष्मा कपाळावर सरकवून, खिडकीकडं बघत तो नाव घ्यायचा. पोरानं 'हजर' म्हणायचं नाही, तर ऑलरेडी घालून एक पूर्ण वाक्य बोलायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. "आय हॅव ऑलरेडी ईटन भाकरी." "माय ग्रँडमदर हॅज ऑलरेडी स्कोल्डेड मी." जो आला नसेल त्याच्याबद्दल शेजारी बसणाऱ्यानं सांगायचं. दिवाळी झाली की हे शेजाऱ्यांचं काम वाढायचं. ऊसतोडीचे ट्रक भरायचे, आईबापांबरोबर पोरंही जायची. रुखमिन आजीपाशी राहायची म्हणून वर्गात उरायची. तिच्या शेजारचा गणेश गेला की ती रोज उठून ठणकावून सांगायची, "गणेश हॅज ऑलरेडी गॉन टू कट शुगरकेन."

त्या वर्षी ऐन तोडणीच्या दिवसांत वरून साहेब यायचं ठरलं. पट मोजणार, पोरं कमी भरली तर शाळा बंद. प्रभाकरचं जेवण तुटलं. सरपंच आप्पांनी मात्र मिशीला पीळ दिला. "मास्तर, कावून भेता? मेव्हण्याच्या वस्तीवरून पोरं आणतो. जी गेलीत त्यांच्या नावावर एकेक बसवू. नाव घेतलं की 'प्रेझेंट सर' म्हणायचं. लई सोपं हाय."

"माझ्या पोरांना खोटं बोलायला लावू नका, आप्पा."

"तुमची पोरं गप बसतील. खोटं माझी पोरं बोलतील."

प्रभाकरनं हजेरीची वही आप्पांपुढं सरकवली. शाळा वाचायला हवी होती.

साहेबांच्या स्वागताला माझाच कर्णा होता, त्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी स्वतःच हजेरी घेतली. उसनी पोरं पोपटासारखी बोलत होती. 'गणेश' हे नाव आलं आणि नवा गणेश माझ्या कर्ण्याकडं टकमक बघत राहिला. आज आपण गणेश आहोत हे तो विसरून गेला. तेवढ्यात रुखमिन सवयीनं उठली. "गणेश हॅज ऑलरेडी गॉन टू कट शुगरकेन, सर."

साहेबांचा चेहरा फुलला. "वा, किती अचूक. मग हा शेजारी बसलाय तो कोण?" पोरगी गोंधळली. तिनं प्रभाकरकडं पाहिलं. साहेब गोड आवाजात एकेक नाव विचारत गेले आणि ती एकेक वाक्य सांगत गेली. सगळी वाक्यं खरी, सगळी बरोबर. आप्पा खाकरत होते, मी कर्ण्याची वायर उगाच ओढत होतो. प्रभाकरनं तिला एकदाही थांबवलं नाही. कसा थांबवणार होता? साहेबांनी तिची पाठ थोपटली, शेऱ्यात 'इंग्रजी उत्कृष्ट' असं लिहिलं, आणि उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं.

प्रभाकर अतिरिक्त ठरला. त्याला उमापूरकडं टाकलं. इकडं वस्तीनं पोरीला धारेवर धरलं, "हिच्या इंग्रजीनं शाळा खाल्ली." पुढच्या दिवाळीनंतर प्रभाकर तिची समजूत घालायला आला तेव्हा आजी उंबऱ्यात एकटीच बसली होती. "पोरगी ऑलरेडी गेली, मास्तर. ट्रकात." तो शब्द बरोबर वापरणारं त्या वस्तीतलं ते पहिलं मोठं माणूस... हे सांगताना प्रभाकर हसला होता. तसलं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. पुढं तिचं लग्न उरकलं, ती ऊसतोडीच्या कोयत्याला जुंपली गेली, आणि त्यांची गाठ राहूनच गेली.

शोकसभेलाही माईक माझाच होता. आप्पा रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "सरांच्या नावानं आम्ही ऑलरेडी वाचनालय बांधणार आहोत." तिथं माझ्या मशीनमध्ये बिघाड झाला. माझ्या मशीनमध्ये बिघाड मला पाहिजे तेव्हाच होतो.

गुढीपाडव्याला रुखमिन कारखान्यावरून परतली तेव्हा मी वस्तीवर गेलो. अंगणात ती गोधड्या झटकत होती, तिची पोरगी पायात घुटमळत होती. मी निरोप सांगितला. माझ्या सवयीप्रमाणं जरा रंगवूनच सांगितला. तिनं हातातली गोधडी पूर्ण झटकून घेतली.

"बरोबर होतं ते मला तवाच ठावं होतं, काका. सरांनी शिकवलेलं चुकंल कसं? बरोबर होतं म्हणूनच तर शाळा गेली."

"सर तुझ्यावर रागावले नव्हते, एवढंच..."

"मी कुठं म्हणते रागावले?" तिनं पोरीचे केस मागं सारले. "हिला औंदा शाळंत घालायचीय. मी शिकवून ठिवलंय. साहेब आला की 'प्रेझेंट सर' म्हणायचं. कुणाचंबी नाव घेऊ दे." पोरीनं लगेच म्हणून दाखवलं. उच्चार स्वच्छ होता.

परतताना शाळेपाशी थांबलो. पुढचं कुलूप तसंच, मागची भिंत ढासळलेली. आत कुणीतरी कडबा भरलाय आणि शेळ्या बांधल्यात. खिडकीला एक गज उरलाय. मी चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीकडं तोंड केलं आणि प्रभाकरच्याच आवाजात त्याचं नाव घेतलं.

आतून एक शेळी ओरडली. प्रेझेंट.