काचेतली उलटी पाटी

घरात ती सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला बारकी म्हणत. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी नाव काही मोठं झालं नाही. दादा गमतीनं म्हणायचा, हिचं काम बघून तरी नाव राहू द्या, एवढं बारीक दुसरं कोण काढतं? ते खरंच होतं. बारकी दुकानांची चित्रं काढायची. किल्ल्या बनवणारा, घड्याळं दुरुस्त करणारा, चपला शिवणारा. समोरच्या फुटपाथवर उभं राहून कच्चं रेखाटन करायची आणि घरी येऊन रंगवायची. बरणीतली बटणं, काउंटरचा उडालेला रंग, सगळं जसंच्या तसं.

पूर्वी ती एका प्रकाशकासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. ते काम बंद पडलं तेव्हा दादानं तिला वेबसाइट करून दिली. तिथे चित्रं लावायची, कोणाला आवडलं तर प्रिंट पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवायची. जवळपासच्यांना स्वतः येऊन नेता यावं म्हणून घराचा पत्ताही दिलेला होता. आई नळ्यांना चिकटपट्टी लावून द्यायची.

सगळ्यांत जास्त लोकांना आवडलं ते शिवणाऱ्या बाईचं चित्र. कपडे दुरुस्त करायचं दुकान, काचेमागे मशीनवर वाकलेली बाई. आखूड केस, गळ्यात टेप, डाव्या भुवईत तुटल्यासारखी रेघ. मशीनपाशी मुलीचं दप्तर. आणि काचेत पडलेलं समोरच्या रस्त्याचं प्रतिबिंब. त्या प्रतिबिंबासाठी बारकीनं जीव ओतला होता.

एका गिऱ्हाइकानं ती प्रिंट मागवली आणि मिळाल्यावर मेल लिहिला. भाषा अदबीची होती. चित्रातली बाई हुबेहूब माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसते, ती रागावून घर सोडून गेली, तेव्हापासून आईनं अंथरूण धरलंय, हे दुकान कुठे आहे तेवढं सांगाल का. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उत्तर लिहायलाच बसली होती, तेवढ्यात तिचं लक्ष मेलच्या शेवटच्या ओळीकडे गेलं. 'दप्तरावरचं शाळेचं चिन्ह नीट दिसत नाही. तेवढाच भाग मोठा करून पाठवाल का?'

बारकीचा हात थांबला. बहीण कशी आहे, तब्येत बरी दिसते का, असं त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

तिनं दादाला फोन केला. दादा म्हणाला, असेलही भाऊ, नसेलही, तू उत्तर देऊ नकोस. लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडा. बारकीनं उत्तर दिलं नाही, आणि चित्र वेबसाइटवरून काढून टाकलं. थोड्याच वेळात दुसरा मेल आला. चित्र वेबसाइटवरून का काढून टाकलंत, असं त्यानं विचारलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, 'हरकत नाही. माझ्याकडे प्रिंट आहेच. भिंग घेऊन बघतोय.'

तिनं मूळ चित्र खिडकीपाशी नेलं आणि तो बघत असेल तसं बघायला लागली. दप्तरावरचं चिन्ह धूसर होतं. पण काचेतल्या प्रतिबिंबात बस थांब्याची पाटी होती. अक्षरं उलटी, पण एकही गाळलेलं नाही. आरसा धरला की थांब्याचं नाव सरळ वाचता येत होतं. ते काढलं त्या दिवशी तिनं आईला कौतुकानं दाखवलं होतं.

ती तडक निघाली. आपल्याच मागे कोणी येत असेल तर, या धास्तीनं बसमधून एक थांबा आधीच उतरली आणि गल्लीबोळातून चालत गेली. मागे पावलं वाजली की दुकानांच्या काचांत बघायची. ज्या दुकानाचा कोपरान् कोपरा तिनं काढला होता, त्यात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

मालक मास्तर आतल्या बाजूला इस्त्री करत होते. बारकीनं त्या बाईला अडखळत सगळं सांगितलं. बाईनं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"आई आजारी आहे असं लिहिलंय त्यानं?"

"हो."

"माझी आई मी लहान असतानाच गेली. भाऊ नाही मला. नवरा आहे तो." तिचं बोट भुवईकडे गेलं आणि खाली आलं.

मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, असं बारकी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाई तिच्याकडे बघत होती.

"ताई, किती जणांच्या घरात लावलंय मला?"

शाळा सुटायची वेळ होत आली होती. बाईनं सुई कापडात खोचली, मास्तरांना दोन शब्द सांगितले आणि पर्स उचलली. "माझ्या घरी चला," बारकी बोलून गेली आणि तिथेच अडकली. तिच्या घराचा पत्ता वेबसाइटवर होता. मग तिनं दादाला फोन केला. भानगडीत पडू नकोस म्हणणाऱ्या दादानं या वेळी शाळा कुठे आहे एवढंच विचारलं आणि गाडी घेऊन आला. मुलीला शाळेतून घेऊन सगळे त्याच्या घरी गेले; तिथे वहिनीनं मायलेकींना आतली खोली दिली. मुलगी पोटभर जेवली. बाई मात्र भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं मायलेकींची दुसऱ्या गावी सोय करण्याची तयारी दाखवली. बारकीनं पत्ता वेबसाइटवरून पुसला, पण व्हायचा तो उशीर झालाच होता.

त्याच दुपारी बेल वाजली. आई झोपली होती. बारकीनं आतलं दार उघडलं. नशीब, बाहेरचं गजांचं दार बंद होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस, हातात तिचीच पुठ्ठ्याची नळी.

"सही राहिली होती चित्रावर," तो म्हणाला.

त्यानं गजांमधून प्रिंट आत सरकवली. थांब्याच्या पाटीभोवती पेन्सिलीनं गोल केलेला होता.

"दुकानात जाऊन आलो," तो शांतपणे सांगत होता. "मास्तर म्हणाले, ती काम सोडून गेली. तुमची नजर बारीक आहे. कुठे गेली, तुम्हाला दिसलं असेल."

"मी रस्त्यावरून दिसेल ते काढते," बारकी म्हणाली. "कोणाला ओळखत नाही."

तिनं भिंतीवर कागद टेकवून सही केली. आतून आईनं विचारलं, कोण आहे गं? त्यानं मान वळवून आत बघितलं, आईंना नमस्कार सांगा म्हणाला, प्रिंटची सावकाश गुंडाळी केली आणि जिना उतरला. बारकीनं आतल्या दाराला कडी घातली. तिनं लगेच दादाला फोन केला, आणि त्याच संध्याकाळी संस्थेची गाडी मायलेकींना घेऊन गेली. कुठे, ते बारकीनं विचारलं नाही. मला सांगूच नका, असं तिनंच दादाला बजावलं. जाताना बाईनं दादाकरवी मूळ चित्र मागून घेतलं. ठेवलं की फाडलं, कोण जाणे.

पोलिसांनी त्या माणसाला बोलावून लेखी समज दिली. तो पुन्हा आला नाही, पण आता येणार नाही असंही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. बारकीनं प्रत्येक गिऱ्हाइकाला लिहून ती प्रिंट परत मागितली. काहींनी पाठवली, काहींनी उत्तरच दिलं नाही. एका बाईनं लिहिलं की ते चित्र लेकीच्या खोलीत आहे आणि ती ते काढू देत नाही.

बरेच महिने बारकीनं पेन्सिल हातात धरली नाही. आता पुन्हा काढते. आधी दुकानात जाते, चित्र कुठे लागेल ते सांगते आणि विचारते. किल्लीवाला हसून हो म्हणाला. घड्याळवाल्यानं नाही म्हटलं, तेव्हा ती तशीच परत आली. अजूनही बेल वाजली की आधी ती खिडकीच्या पडद्याआडून खाली बघते, मग दाराकडे जाते.